कोरडं कातडं

“गाळून देते पाणी, वाटसरू आला दारी, त्याचा जीव गं बाई, माझ्या घागरी...” जात्यावरच्या आईचा तो सूर चाळीस वर्षांपूर्वीचा, पण कुरुंजगडाच्या तटावर पहाट फुटत असताना, पायथ्याच्या माळावर उभ्या विमानाच्या पंख्याला हात लावताच रायाजी मिस्त्रींच्या कानी तो पुन्हा आला, आणि हात जागीच थिजला.

दिवंगत महाराजांच्या कन्या सगुणाराजे आज एकट्याच विमानाने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या होत्या. पहिला पल्ला समुद्रावरून कराचीचा. त्या यशस्वी होऊन परतल्या, तर रयत त्यांनाच गादीवर बसवणार आणि दत्तक बाळराजांच्या नावाने चाललेला दिवाण त्र्यंबकरावांचा कारभार आटोपणार, हे गडावरच्या पारव्यांनाही ठाऊक होतं.

रिवाज असा, की रायाजींनी पेट्रोल सांबराच्या मऊ कातड्यातून गाळायचं, म्हणजे त्यातलं, इंजिन बंद पाडणारं पाणी वर अडतं, मग ते ओलं कातडं कपाळी लावून सगुणाराजेंना म्हणायचं, “गाळलं, आक्कासाहेब.” त्यावाचून पंखा फिरायचा नाही. आज कातडं कोरडं होतं. काल सायंकाळी दिवाणांनी पेट्रोलचे दोन मोहरबंद डबे धाडून बजावलं होतं, “हे न गाळता ओता. आपले बंधू आमच्या कोठडीत आहेत.” डब्यांत काय आहे, हे रायाजींना विचारावं लागलं नाही. त्यांनी ओतलं.

“काय मिस्त्री, पंख्याशी लगीन लावताय? मंगलाष्टकं म्हणू?” सगुणाराजे हसल्या. मग जमलेल्या मानकऱ्यांकडे वळून म्हणाल्या, “मंडळी, ऐकून ठेवा. दर्यात काही विपरीत घडलं, तर चूक आमची. रायाजींना कुणी जाब पुसायचा नाही.”

“मुहूर्त टळतोय,” दिवाण अदबीने म्हणाले. “फिरवा, मिस्त्री.”

रायाजी खाली वाकले. त्यांनी टाकीची तोटी उघडली आणि काचेचा पेला धरला. पेल्याच्या तळाशी पाणी, वर पेट्रोल तरंगणारं. पेला उंच धरून ते कसेबसे बोलले, “पाणी आहे.”

“शाबास!” सर्वांआधी दिवाणच गरजले. “कुण्या हरामखोराने घात मांडला होता, मिस्त्रींच्या नजरेने तो टळला!”

सगुणाराजेंनी टाकी रिती करवली, सगळं पेट्रोल स्वतः गाळलं, आणि तासाभरात विमान ढगांत ठिपका झालं. त्याच सांजेला, दिवाणांचं नाव न घेतल्याच्या मोबदल्यात, रायाजींचा भाऊ सुटून घरी आला.

चौथ्या महिन्यात सगुणाराजे परतल्या त्या बोटीने. रंगूनपुढच्या वादळाने विमान गिळलं होतं, प्रदक्षिणा शेवटच्या पल्ल्यांत अधुरी राहिली होती, आणि डावा हात गळ्यात बांधलेला होता. भरदरबारी त्यांनी रायाजींपुढे सोन्याचं कडं धरलं.

“फळकुटाला धरून सात तास तरंगत होतो, मिस्त्री. मनात एकदाही आलं नाही, की इंजिनात खोट असेल. रायाजी आमचे.”

गादीशेजारून दिवाण टक लावून पाहत होते. रायाजींनी कडं घेतलं नाही. कमरेचं ते कातडं काढून त्यांनी सगुणाराजेंच्या पायांशी ठेवलं.

“गाळलं नव्हतं, आक्कासाहेब,” ते म्हणाले. “दिवाणसाहेबांच्या सांगण्यावरून ते पाणी मीच ओतलं होतं. जाणूनबुजून.”