द्वारपालाचा ओळखकाळ

मिरजेच्या संगणकारोग्य प्रयोगशाळेत डॉ. हेमंतराव लिमये शिरले तेव्हा त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि पोटात निखारा. चाळीस वर्षं माणसांच्या रोगप्रतिकारशक्तीवर संशोधन केलेला हा गृहस्थ निवृत्तीनंतर दगडफुलांपायी हैराण झाला होता.

दगडफूल म्हणजे आपलं मसाल्यातलंच. त्यांची बायको मंजिरी वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक, आणि दगडफुलांवर तासन्‌तास बोलणारा तिला अख्ख्या महाराष्ट्रात एकच माणूस सापडला होता. प्रा. उदय बोकील. त्याचं घरच्या संगणकावर रोज एक पत्र यायचं. रोज! हेमंतरावांनी लग्न ठरल्यावरसुद्धा आठवड्याला एकच धाडलं होतं.

"तन्वी, घरच्या संगणकासाठी फुकटातला विषाणुरोधक हवाय. कुठला घेऊ?"

डॉ. तन्वी कोळेकर त्यांची जुनी विद्यार्थिनी. "तीन आहेत, सर. एक दर दहा मिनिटांनी जाहिरात दाखवतो. दुसरा घरातली बित्तंबातमी बाहेर कळवतो. तिसरा आमचा द्वारपाल. इमानी आहे, पण हट्टी."

"हट्टी म्हणजे?"

"कल्पना तुमच्याच तासाला सुचलेली. शरीराला आपलं-परकं कसं कळतं?"

"थायमस ग्रंथीत पेशींची शाळा भरते," हेमंतराव खुलले. "तिथे जे भेटतं ते आपलं. पुढे नवं दिसेल ते परकं."

"अगदी तसंच. बसवल्यापासून सात दिवस द्वारपालाचा ओळखकाळ. तेवढ्यात जो घरात वावरेल, ज्याचं पत्र येईल, तो आपला. आठव्या दिवसापासून बाकी सगळे परके. माणसं तो वर्तनलयीवरून ओळखतो. कळा दाबायचा वेग, पावलांची चाल, श्वास, आवाज. घराच्या दाराचं कुलूपही त्याच्याच ताब्यात."

"नंतर नव्यानं शिकवता येतो?"

"छे! शिकवता आला असता तर आधी विषाणूंनीच शिकवला असता. काढायचा झाला तरी घरातल्या दोघांनीही होकार द्यायला हवा. आणि दोघंही त्याला ओळखीची वाटली पाहिजेत."

हेमंतरावांनी एक पेढा स्वतःच्याच तोंडात टाकला. बोकील सोमवारपासून दहा दिवस लडाखच्या एका संरक्षित हिमनदीवर जाणार होता. संपर्कयंत्रांना तिथे बंदी.

"आणि सर, जुना रोधक आधी काढा. दोन रोधक एका घरात नांदत नाहीत. एकमेकांनाच चोर समजतात."

"ते मला सांगतेस?" हेमंतराव म्हणाले.

सोमवारी सकाळी त्यांनी जुना रोधक काढला, प्रयोगशाळेच्या अधिकृत ठिकाणावरून द्वारपाल उतरवून घेतला, बसवला. सांगलीच्या मेव्हण्याला मुद्दाम पत्र पाठवायला लावलं, नाहीतर तो बिचारा कायमचा परका व्हायचा.

ते सात दिवस मात्र त्यांनी कसे काढले ते विचारू नका. संगणकासमोर बसून बोकीलची जुनी तीनशे चाळीस पत्रं त्यांनी वाचून काढली. 'आपण दिलेला नमुना अजून ओलसर आहे' या वाक्यापाशी ते अडीच तास बसले. ओलसर! कळा आपटत होते, घरभर येरझारा घालत होते, चहा नको म्हणताना आवाज चिरकत होता.

अकराव्या दिवशी बोकीलचं पत्र आलं. द्वारपालानं ते दारातच अडवलं. 'परके. थांबवले.'

हेमंतराव तरंगतच बाजारात गेले. मंजिरीसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला, शीळ घालत जिना चढले, दाराच्या कळफलकावर लाडाने बोटं फिरवली.

दारावरचा दिवा लाल झाला. "अनोळखी इसम. दूर व्हा."

"अरे, मी! हेमंत!"

"अनोळखी आवाज."

त्यांनी तन्वीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सर, ओळखकाळात तुम्ही असेच होतात का? असे... आनंदी?"

हेमंतरावांनी गजरा या हातातून त्या हातात घेतला.

"म्हणजे त्याच्या लेखी या घरचा माणूस धुसफुसणारा. हा शीळ घालणारा कोण?"

"आणि मंजिरी? तिला बरं आत ठेवलंय!"

"बाईंच्या लयीत काही बदलच नसेल, सर. पत्रं येवोत, न येवोत."

म्हणजे तिचं काही नव्हतंच! हेमंतरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. श्वास मोकळा झाला, आणि द्वारपालानं भोंगा वाजवला.

मंजिरी खिडकीत आली. बाहेर परका उभा असला की आतूनही कडी निघत नसे. चोर धमकावून दार उघडायला लावतात म्हणून. हेमंतरावांनी खाली मान घालून सगळं कबूल केलं.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली. "मला विचारलं असतंस तर? बरं, ऐक. उदयचा आवाज काय गोड आहे!"

दिवा लालच.

"हे तू दारासाठी म्हणतेयस," हेमंतराव हताशपणे म्हणाले.

"हो रे. दिसायलाही बराय तो."

लाल.

मंजिरीनं मान वळवली. खिडकीच्या गजाला टेकून समोरच्या चिंचेकडे बघत राहिली. मग कसलीशी आठवण झाल्यासारखी एकटीच हसली.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही रे. सहज."

"सहज कोणी असं हसतं का?" हेमंतरावांचा आवाज चिरकला, आणि कडी खटकन निघाली.

गजरा दारातच पडला. ते तडक संगणकापाशी गेले. "आत्ताच्या आत्ता काढू या हा राक्षस. ये, होकार दे."

मंजिरीनं होकाराची कळ दाबली. द्वारपालानं हेमंतरावांकडे निरखून पाहिलं, त्यांना बरोबर ओळखलं, आणि अदबीनं विचारलं, 'काढायचे? बाहेर थांबलेली पत्रे : एक.'

हेमंतरावांचं बोट कळेवर अधांतरी राहिलं.

"दाब की," मंजिरी म्हणाली, आणि पुन्हा तशीच हसली.

"राहू दे," हेमंतराव बोट मागे घेत म्हणाले. "फुकटातला असला तरी काम चोख करतो."