रिसेटमधली अक्षता

"नवरदेवाचं नाव सांगा," कुंदा वहीतून डोकं वर न काढताच म्हणाली.

"लीलाधर."

"नवरीचं?"

"ते... अजून ठरलं नाही."

आता मात्र तिने वर पाहिलं. समोर एक तरुण उभा होता. जळगावच्या वैशाखाने त्याचा सदरा पाठीला चिकटवला होता. खांद्याला रेक्झिनची बॅग आणि खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर.

"नवरीच ठरली नाही, तर पत्रिका कसली छापता?"

"पत्रिका नाही हो. मी धुळ्याहून आलोय. कॉम्प्युटर कोठे शे?" घरची अहिराणी तोंडून निसटली म्हणून त्याने जीभ चावली. "म्हणजे... कुठे आहे?"

कुंदाला हसू आवरलं नाही.

साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. नव्या पेठेतल्या रतिलालशेठच्या छापखान्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि तो चालवायला असोद्याहून रोज एस.टी.ने कुंदा येत होती. ऐन लग्नसराईत पडदा गोठला होता. कळफलकावर काहीही दाबा, उत्तर नाही. खोक्यावर 'रिसेट' लिहिलेलं छोटं लाल बटण होतं, पण शेठनी पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती, "त्याला हात लावायचा नाही. सगळं पुसलं जातं!"

लीलाधर खाली वाकला. एका बोटाने त्याने ते लाल बटण दाबलं. पडदा काळा झाला, आकडे पळाले आणि यंत्र जागं झालं.

"एवढंच?" कुंदा म्हणाली.

"एवढंच."

"यासाठी अडीच तास बसने आलात?"

"तीन. पारोळ्याला पंक्चर झालं."

"पण सगळं पुसलं गेलं ना?"

"जे सेव्ह केलं नव्हतं, तेवढंच. सेव्ह केलेलं आत राहतं."

"मग मेन स्विच बंद करून चालू केला, तर तेच नाही का होत?"

तो थांबला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. खुर्ची ओढून तो बसला आणि समजावू लागला. वीज तोडली की आतली डिस्क थांबते, पुन्हा फिरायला लागते, त्यात तिला दणका बसतो. रिसेटने वीज तुटत नाही. यंत्र फक्त सगळं विसरून पहिल्यापासून सुरुवात करतं. म्हणून आधी कळफलकाने प्रयत्न करायचा, तोही ऐकेनासा झाला, तरच हे बटण.

"बिचारं," कुंदा म्हणाली. "सगळं विसरतं, आणि तरी लगेच कामाला लागतं."

लीलाधर तिच्याकडे बघतच राहिला. मग घाईघाईने बॅग उचलून निघाला.

त्यानंतर कॉम्प्युटर चार वेळा गोठला. चारही वेळा धुळ्याला फोन गेला आणि चारही वेळा तो आला. बटण दाबायला एक सेकंद आणि कुंदाच्या प्रश्नांना एक तास. पंखा कशाला? खोक्यावरचं 'टर्बो' बटण कशाला? यंत्र गोठतंच का? एकदा तिने वेगळाच प्रश्न विचारला.

"इथे शेठपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे मला कुंदाताई म्हणतात. तुम्ही का नाही म्हणत?"

लीलाधर स्क्रूड्रायव्हर पुसत राहिला. "सवय नाही," म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

खंडेनवमीला छापखान्यातल्या यंत्रांची पूजा झाली. कॉम्प्युटरची पूजा कुंदाने केली. हळद, कुंकू, झेंडू आणि वर ओंजळभर अक्षता. दसरा झाल्यावर तिने यंत्र चालू केलं, तर पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळाच.

आता रतिलालशेठचा धीर सुटला. "कुंदाताई, आज हा डबा उठला नाही तर विकून टाकतो. पुन्हा शिशाचे खिळे जुळवून छापीन. तूही मग असोद्याला केळीच्या बागेत जा."

कुंदाने फोन फिरवला. या खेपेला बिघाड खरा होता.

लीलाधर दुपारी पोचला. लाल बटण दाबलं, काही नाही. मग त्याने बॅटरीचा उजेड बटणावर टाकला, बॅगेतून चिमटा काढला आणि त्या लाल बटणाच्या फटीतून अलगद काहीतरी ओढून काढलं. कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा.

"अक्षता अडकली होती," तो म्हणाला. "बटण आत दाबलेलंच राहिलं. बिचाऱ्याला सुरुवातच करता येत नव्हती."

पडदा उजळला. कुंदाने डोळे मिटून श्वास सोडला. लीलाधरने तो दाणा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

"तो कशाला?"

"बिघडलेला पार्ट परत न्यावा लागतो."

"तांदूळसुद्धा?"

"एक विचारू?" त्याचा आवाज खाली आला. "बटण कसं दाबायचं ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग चार वेळा का बोलावलंत?"

"फोनवर 'दाबा' एवढंच म्हणता आलं असतं," कुंदा म्हणाली. "मग चार वेळा का आलात?"

बाहेर छपाईचं यंत्र खटखटत होतं.

कुंदाने पडद्यावर नवी पत्रिका उघडली. "चाचणी घेऊ या. नवरदेवाचं नाव सांगा."

"लीलाधर."

"नवरीचं?"

"ठरलं शे... पण तिला विचारलं नाही."

"विचारा ना मग!"

"कुंदा..." पुढे ताई नव्हतं, काहीच नव्हतं. "माले तू आवडस."

तिने कळफलक पुढे ओढला. दोन नावं टाइप केली, एकाखाली एक. सेव्ह केलं. मग वाकून स्वतःच्या बोटाने लाल बटण दाबलं.

"अगं!" तो दचकला.

पडदा काळा झाला. आकडे पळाले. तिने पत्रिका पुन्हा उघडली. दोन्ही नावं जागच्या जागी होती.

"राहिली," कुंदा म्हणाली.

"ताई, उठला का गं डबा?" बाहेरून शेठ ओरडले.

"उठला, शेठ!"

"मग त्या धुळेकराला विचार, आता पुन्हा कधी यावं लागेल?"

"रविवारी," कुंदाने लीलाधरकडे बघत उत्तर दिलं. "पण इथे नाही, असोद्याला. माझ्या वडिलांना भेटायला." मग फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि आबांसमोर 'शे' म्हटलं तरी चालेल."