वचन द्यायचं नाही

वर्गाच्या बंद दाराला डोळा फुटला होता. करवतीने कापलेल्या चौकोनी भोकातून पलीकडचा माणूस तिच्याकडेच बघत होता… भुवयांवर लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिल.

"बाई, दारांना भोकं पाडायची कल्पना तुमचीच ना?"

"माझीच. बंद दाराआड कोणी मोठं माणूस मुलाबरोबर एकटं असलं, तर बाहेरून दिसायला हवं. काच बसवा."

"आणि मी? मी दिसतोय का?"

"दिसताय. आधी भुसा झटका!"

शाळेत मुलांच्या सुरक्षेचे नियम घालून द्यायला ती घरदार सोडून, बिनपगारी, या परक्या देशात आली होती. शिक्षक तिला मागून 'नियमबाई' म्हणत. हा सुतार गणिताच्या मास्तरांचा मुलगा. "बापाचं गणित डोक्यात शिरेना, म्हणून करवत हातात घेतली," असं तो हसून सांगे.

काचांचं काम काही संपेना. "तुमच्या खोलीची काच हलतेय," म्हणत तो रोज यायचा. काच ढिम्म हलत नसे. तीही मुकाट्याने चहाचे दोन कप भरायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एके दुपारी तो आला तो चहाला न शिवता उभाच राहिला.

"एक सांगायचंय. आधी वचन दे… कोणाला सांगणार नाहीस."

मूल काही सांगायला आलं, तर गुपित ठेवायचं वचन द्यायचं नाही. दिलं की मदत करणारे हात बांधले जातात, हे तिनेच शिक्षकांकडून घोकवून घेतलं होतं. पण हा काही मूल नव्हता. हा तर—

"नाही देता येणार," ती म्हणाली.

"मलासुद्धा?"

"तुला नाही म्हणताना जीव जातोय माझा… तरी नाही."

तो खाली बसला. आणि तरीही त्याने सांगितलं. गणिताच्या वर्गाला काच लावताना त्याने आत पाहिलं होतं. मास्तर एका मुलीच्या बोटांवर लाकडी पट्टीची कड मारत होते. रडू येऊ नये म्हणून ती ओठ चावत उभी होती.

"मीही असाच उभा राहायचो गं. वाटायचं, बाप आहे, मारणारच. आज बाहेरून बघितलं… किती लहान असतं गं मूल!"

तिने त्याचा हात घट्ट धरला. मग उठून मुख्याध्यापिकांकडे गेली.

मास्तरांना वर्गावर जायला बंदी झाली. चौकशी बसली, मुलाने बापाविरुद्ध साक्ष दिली. बापाने बोलणं टाकलं. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली: नियमबाईच्या नादाने बाप विकला, दोघांनी मिळून रचलंय सगळं.

कामाची मुदत संपून ती मायदेशी निघाली, त्या दिवशी तो बसथांब्यावर आला.

"मुदत वाढवून मिळेल मला," ती म्हणाली. "राहू?"

"राहिलीस, तर मला तुझ्यापासून लांब राहता येणार नाही. आणि आपण एकत्र दिसलो, की त्या पोरीचं खरंही खोटं ठरेल."

हे तिलाही कळत होतं. म्हणून तर सामान बांधलं होतं.

"आणि चौकशी संपल्यावर?"

"घरी एक म्हातारा आहे, माझ्या हातचं पाणी न पिणारा. तरी तांब्या भरून ठेवायला मीच लागतो."

"रागावलायस माझ्यावर?"

"तू गप्प बसली असतीस, तर आज आपलं लग्न ठरत असतं… आणि मी तुला जन्मात माफ केलं नसतं. प्रेम आहे गं. फार आहे."

ती काही बोलणार, तोच शाळेचे कारकून पिशवी सांभाळत थांब्यावर आले आणि दोघांकडे टक लावून बघू लागले. बसही आली. तो दोन पावलं मागे सरकला. मग तिची बॅग उचलून कारकुनांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"ताई, बॅग वर ठेवतो हं."

तिने बसच्या पायरीवर पाय ठेवला.

"ठेवा, दादा."