उतरायचा अर्धा तास

शहरांमधलं अंतर सांगायची मला नोकरी आहे. आमच्या वेबसाइटवर आशियातली कुठलीही दोन शहरं टाका, विमानाला किती वेळ लागेल ते मी आधीच लिहून ठेवलेलं असतं. मी स्वतः विमानात कधी बसलेलो नाही. गरजही नाही. अंतराला वेगाने भागायचं, चढायला अर्धा तास मिळवायचा, उतरायला अर्धा तास मिळवायचा. झालं आशिया खंड.

ताईच्या शहराहून आमच्याकडे येणाऱ्या मार्गात मी उतरायचा अर्धा तास मिळवायलाच विसरलो. चूक कुणाच्या लक्षात आली नाही. फक्त त्या मार्गावरची विमानं रोज अर्धा तास लवकर येऊ लागली.

मग एका प्रवाशाचा फोन आला. वेळ अगदी अचूक, आभार. पण कानात बसलेले दडे अजून सुटलेले नाहीत. तीन आठवडे झाले.

"कापूस घाला म्हणावं," शेजारच्या टेबलावरची म्हणाली.

"आधीच ऐकू येत नाहीये त्यांना."

"मग काही म्हणूच नकोस."

मी चूक सुधारायला पान उघडलं, तेवढ्यात बाबांचा हॉस्पिटलातून फोन.

"मला आज दुपारीच ऑपरेशनला घेतायत. ताई दिसल्याशिवाय मी आत जाणार नाही."

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले?"

"उशीर केला तर जिवावर बेतेल म्हणाले. म्हणू देत."

ताई विमानात बसलेली होती. सुधारलेल्या वेळेने हिशेब केला. ती अर्ध्या तासाने हुकत होती.

मी पान तसंच बंद केलं. माझ्या चुका वाया जात नाहीत.

मी हॉस्पिटलात पोचलो आणि मागोमाग ताई आली. अर्धा तास आधी, मी लिहिल्याप्रमाणे. बाबांचा चेहरा खुलला. ती त्यांच्या शेजारी बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने कमरेपाशी काहीतरी चाचपत राहिली.

"काय शोधतेस?"

"काय? मोठ्याने बोल."

मी तिला पाण्याचा ग्लास दिला. तिने तो सरळ धरला होता. पाणी तिरकं होतं.

मी टेबलाकडे बघितलं. टेबल सपाट होतं. बाबांच्या ग्लासातलं पाणीही.

"ताई, बरी आहेस ना?"

ती खिडकीतून खाली बघत होती. आम्ही तळमजल्यावर होतो.

यावर उपाय माझ्याच खिशात होता. मी बाहेर व्हरांड्यात आलो, मोबाइलवर ते पान उघडलं आणि राहिलेला अर्धा तास मिळवून टाकला. आता बाईसाहेब उतरतील, म्हटलं.

फोन वाजला. ताईचा नंबर.

"आत्ताच उतरले रे विमानातून!" मागे सामानाचे पट्टे फिरत होते, माणसं ओरडत होती. "कान नुसते फुटायचे राहिलेत. बाबांना आत नेलं का? मी येईपर्यंत थांबव त्यांना."

मी दाराच्या काचेतून आत बघितलं. ती तिथेच बसली होती.

"ऐकतोयस ना?" ताई फोनवर म्हणाली.

मी दार उघडलं. बाबांनी मान वळवली.

"हिचा हात सोडव रे जरा," ते म्हणाले. "नुसता बर्फ झालाय. आणि सोडत नाहीये."