युरलीमावशीचं रिंगण

कंदील जरा मोठा कर, मग सांगते. गेल्या महिन्यातलीच गोष्ट. माझ्या भावाची नवी होडी पाण्यात उतरायची होती, म्हणून आदल्या संध्याकाळी आमच्या अंगणात जेवण आणि नाच ठरला होता. दुपारी मी टेकडीपलीकडे लान्सलिनकाकाचा ढोल आणायला गेले. रमच्या पिंपाचा ढोल, वर बोकडाचं कातडं.

"सांभाळून ने गं इस्मी, माझ्या बायकोपेक्षा जुना आहे," काका म्हणाला. "मी येतो मागून, रमतगमत."

ढोल डोक्यावर घेऊन मी कापसाच्या पडीक मळ्यातून निघाले. वारा पडला होता. एक पान हलत नव्हतं. आणि ढोलाच्या आतून कुणीतरी वाजवलं. टक्... टक टक... टक्.

पाल असेल म्हणून मी ढोल उलटा करून झटकला. आत काही नव्हतं, नुसता वास होता, खाऱ्या पाण्यात कुजलेल्या लाकडाचा. पुन्हा डोक्यावर घेतला, तर पुन्हा तेच. मी भराभर चालू लागले. पण पाय मात्र त्याच ठेक्यावर पडायला लागले होते!

आमच्या कॅरिआकू बेटावर प्रत्येक घराला आफ्रिकेतले आपले लोक ठाऊक आहेत. कुणी क्रोमांटी, कुणी इग्बो, कुणी मांडिंगा. आपल्या लोकांचा ठेका वाजला की माणूस उठून नाचतो. युरलीमावशी ऐंशी वर्षांत कधी उठली नव्हती. तिच्या पणजीला गुलामांच्या जहाजातून उतरवलं, तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि तिची भाषा कळणारं एकही माणूस बेटावर नव्हतं. ते लोक कोण, कुणालाच कळलं नाही.

"माझे लोक म्हणजे वाढपी!" असं म्हणून मावशी हसायची आणि मटणाची ताटं वाढत फिरायची. ढोल सुरू झाला की मात्र पाठ करून उभी राहायची.

दिवेलागणीला मी जमिनीवर रम आणि पाणी शिंपडलं. पहिलं रिंगण आम्ही रिकामं ठेवतो, गेलेल्यांसाठी. काकाने क्रोमांटींचा ठेका धरला... आणि मध्येच ठेका बदलला. टक्... टक टक... टक्.

"काका, हे काय वाजवताय?" मी कुजबुजले.

"मी नाही गं..." त्याने दोन्ही हात वर करून दाखवले.

ढोल वाजतच होता.

मावशीच्या हातातलं ताट पडलं. ती रिकाम्या रिंगणात शिरली, कमरेत वाकून, उजवा हात खाली सोडून. लहान पोराचा हात धरून चालतात ना, तशी. आणि नाचली! अशी पावलं बेटावर कुणी पाहिली नव्हती. कुत्री भिंतीला चिकटून बसली. आम्ही रडत होतो आणि टाळ्या पिटत होतो.

"हळू गं... म्हातारी आहे मी!" मावशी खाली बघून हसली.

"मावशी, कोण गं तुझे लोक?" भाऊ ओरडला.

"नाव सांगत नाही लबाड!" मावशीला धाप लागली होती. "पण ठेका दिलाय!"

घरात येऊन तिने डोक्याचा रुमाल सोडला. पांढऱ्या केसांत, डाव्या कानामागे, टाळूला घट्ट लागून तीन बारीक वेण्या. अशा वेण्या आमच्याकडे कुणालाच घालता येत नाहीत. मग रोज सकाळी एक वाढायला लागली.

"फार ओढते गं," मावशी लाडाने तक्रार करायची आणि आरशात मुरडायची.

परवा तिचं डोकं पुरं झालं.

आज सकाळी माझे केस विंचरताना कंगवा मानेपाशी अडकला, एका बारीक, घट्ट वेणीत.