घाटातली जोडसायकल

तो दिवा जरा लांब ठेवा, किडे जमतात. हां, बस्स. आणि मोबाईल पालथे घाला बघू.

सुट्टीत सायकलींवरून बेट पालथं घालणार म्हणताय ना? जा की. अडवतंय कोण? पण माझ्या साडूचं काय झालं ते ऐकून जा. साडू म्हणजे तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नाव घेत नाही, त्याला आवडायचं नाही. आमच्यात सगळे त्याला दातवाले म्हणतात. दातांच्या कवळ्या बनवतो. कुणाच्याही लग्नाला गेला तरी आधी नवरदेवाचे दात बघणार, मग चेहरा. गप्पिष्ट माणूस. पण ही गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली आणि परत कधी विषय काढू दिला नाही. मेहुणीने तिच्या वाटणीचं वेगळं सांगितलं. मी दोन्ही जोडून सांगतो. पदरचं काही घालत नाही.

तर दोघं नवराबायको त्या बेटावर गेले होते. एका किनाऱ्याला सायकल भाड्याने घ्यायची, रमतगमत मुक्काम करत, डोंगर ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला बंदरापर्यंत जायचं, आणि बसने परत. मेहुणी नर्स. उभा जन्म वॉर्डात पायपीट केली, पण सायकल काही तिला कधी आली नाही. म्हणून दातवाल्यांनी जोडसायकल घेतली. पाहिलीत का कधी? एकामागे एक दोन सीटं, दोघांना वेगळी पेडलं. गंमत अशी की दोन्ही पेडलं चेनने एकमेकांना बांधलेली. मागच्याने पाय मारले की पुढच्याचे पाय आपोआप फिरतात. हे लक्षात ठेवा.

पहिले मुक्काम मजेत गेले. एका बाजूला समुद्र, एका बाजूला नारळ, आणि मेहुणीची मागून अखंड बडबड. "अहो, हळू. अहो, खड्डा. अहो, ती बाई बघा, डोक्यावर केवढा घड घेऊन चाललीय." दातवाले म्हणायचे, तुझ्या तोंडाला पेडल असतं तर मला पाय मारायला लागले नसते.

घाटाच्या दिवशी सकाळी पुढचं चाक बसलं. नवी ट्यूब आणायला दातवाले गावातल्या दुकानात गेले, तर दुकान बंद. मालक झोपलेला. तो उठेपर्यंत दोघं पायरीवर बसून राहिली. तिथेच बिनसलं. मेहुणीने पोराला फोन लावला.

त्या पोराचं तुम्हाला ठाऊक आहे. बापाचं काम सोडून दुसऱ्या शहरात गेला आणि केकचं दुकान टाकलं. दातवाल्यांच्या जिवाला लागलं ते. "मी दात बसवायचे आणि चिरंजीवांनी किडवायचे!" म्हणून सगळ्यांसमोर बोलले, पोरगा उलटून बोलला, आणि तेव्हापासून बापलेकांचा अबोला. तीन वर्षं. त्या दिवशी मेहुणीने फोन कानाशी धरला, दोन शब्द बोलली आणि फोन नवऱ्यापुढे केला. "घ्या. तो आहे. नुसतं हॅलो म्हणा."

दातवाल्यांनी तोंड फिरवलं.

बस. तिच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलं. ट्यूब बसली, घाट लागला, ऊन चढलं, ऊन उतरलं. मागून पाय मारतेय ते पेडलवर कळत होतं, पण "अहो" म्हणून एक हाक नाही. अर्धा चढ चालवत, अर्धा ढकलत, माथ्यावर पोचेपर्यंत अंधार पडला.

पौर्णिमा होऊन चार रात्री झालेल्या. चंद्र बराच उशिरा उगवणार. माथ्यावर एक बंद टपरी, बाकडं उलटं करून वर टाकलेलं. खाली लांबवर बंदराचे दिवे. आता नुसता उतार होता. बंदराच्या अलीकडच्या गावात खोली घेऊन ठेवलेली.

"थांबा जरा," मेहुणी म्हणाली. सकाळपासूनचे तेवढेच शब्द. उतरली आणि आडोशाला टपरीमागे गेली.

दातवाले सायकलवरच, एक पाय जमिनीला टेकून उभे. पुढच्या पेडलांना चामड्याचे पट्टे होते, पाय घसरू नये म्हणून. मागच्यांना नव्हते. एक पाय पट्ट्यात, चष्मा काढून शर्टाला पुसतायत. वारा पडलेला. रातकिडे ओरडत होते, ते थांबले. एवढं त्यांना आठवतं.

सायकल मागून दबली. सीटची स्प्रिंग कुरकुरली.

"बसलीस?"

उत्तर नाही. असणारही नव्हतं. रुसवा होता ना! दातवाल्यांनी चष्मा लावला. मागून पेडल ढकललं गेलं, सायकल हलली, त्यांनी सवयीने दुसरा पाय पट्ट्यात सरकवला आणि निघाले.

उतार लागला की माणसाचं मन सैल होतं. गार हवा तोंडावर येत होती. आणि समोरासमोर नसलं की बोलायलाही सोपं. एक वळण गेलं, दातवाले खाकरले.

"रागावलीस ना? बरोबर आहे तुझं."

पेडलं एका लयीत फिरत होती.

"एक सांगू? हसू नकोस. मी त्याच्या दुकानापर्यंत जाऊन आलोय. गेल्या वर्षी, माल आणायला गेलो होतो ना, तेव्हा. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. गिऱ्हाईक बरंच होतं. धंदा बरा चालतोय त्याचा. त्याने मिशी ठेवलीय, माहितीय तुला? माझ्या बाबांसारखी दिसते. आत जायला पाऊल उचलेना. म्हटलं, त्याने सगळ्यांसमोर 'कोण पाहिजे?' असं विचारलं तर काय करू?"

आणखी एक वळण गेलं. मग म्हणाले, "खाली पोचलो की फोन लाव. मी बोलतो. चुकलो म्हणतो. झालं समाधान?"

तेव्हा मागून त्यांच्या पाठीला कपाळ टेकलं. हळूच. दोन खांद्यांच्या मधोमध. दमलेलं माणूस टेकतं ना, तसं सगळा भार टाकून. कित्येक वर्षांत ती अशी टेकली नव्हती. दातवाल्यांना इतकं बरं वाटलं... म्हणाले, डोळे भरून आले माझे.

आणि मागून, लांबून, पार वर माथ्यावरून हाक आली.

"अहोऽऽ! अहो, मला टाकून कुठे चाललात?"

...

बायकोचा आवाज. पंचवीस वर्षं ऐकलेला.

पाठीवरचं कपाळ तसंच होतं.

दातवाल्यांनी दोन्ही ब्रेक दाबले. करकचून. रबर घासलं, जळका वास आला. वेग तेवढाच. पाय थांबवायला गेले, पेडलं थांबेनात. मागून कुणीतरी मारत होतं. घाई नाही, जोर नाही... नुसतं मारत होतं. आणि त्याबरोबर ह्यांचे गुडघे वर-खाली, वर-खाली. पट्ट्यांतून पाय ओढून बघितले. सुटेनात. झुडपात घालावी म्हणून हँडल वळवायला गेले. हँडल हातात होतं, वळत नव्हतं. रस्ता वळला की आपण होऊन वळायचं.

पुन्हा हाक आली. आता अगदी बारीक.

"अहोऽऽ..."

ती वर एकटी. काळोखात. सायकल येत नाही तिला. आणि हा माणूस स्वतःच्या पायांनी तिच्यापासून लांब चाललेला. म्हणाले, ओ देण्यासाठी तोंड उघडलं, तर घशातून हवासुद्धा येईना. मागे वळून बघायचं म्हटलं तर मान वळेना. भीतीने नाही. पाठीवरच्या त्या भाराने.

घाट संपला. खोली घेतलेलं गाव आलं. रस्त्याकडेच्या एका घराच्या ओट्यावर उजेड होता. एक बाई मुलीच्या केसांतला गुंता काढत होती, नवरा शेजारी जाळं विणत बसलेला. आता मात्र दातवाल्यांना कंठ फुटला.

"धरा! अहो धरा मला! थांबवा!"

नवऱ्याने हसून हात वर केला. सायकलवरची हौशी माणसं ओरडत जातात, त्यांना सवयीचं असणार. मुलीनेही हात हलवला. पण ती दातवाल्यांकडे बघत नव्हती. ती मागे बघत होती. हात हलवून जराशी थांबली... आणि खुदकन हसली. तिला उलट हात केला होता कुणीतरी.

खोलीकडचा फाटा गेला. बंदराचे दिवे आले. गोदामं, बंद दुकानं, उलट्या करून ठेवलेल्या होड्या. आणि पुढे रस्ता संपला. जिथून होड्या पाण्यात सोडतात तो सिमेंटचा उतार.

सायकल त्या उतारावरून समुद्रात शिरली.

पाणी चाकांना लागलं. घोट्यापर्यंत आलं. पोटऱ्यांपर्यंत. पाय अजून फिरत होते, पाण्यात. दातवाल्यांनी सगळं सोडून दिलं. म्हणाले, देवाचं नावसुद्धा आठवलं नाही. फक्त वाटलं, फोन राहिला.

गुडघ्याला पाणी लागलं, आणि पेडलं थांबली.

पाठीवरचं कपाळ उचललं गेलं. स्प्रिंग कुरकुरली. सायकल हलकी होऊन वर आली...

ते वाट बघत राहिले. पाण्यात पाय पडल्याचा आवाज येईल म्हणून.

आला नाही.

बर्फाच्या गोदामावरच्या माणसांनी त्यांना पाहिलं. पळत येऊन बाहेर काढलं. पट्टे नुसता हात लावताच निघाले, घट्टसुद्धा नव्हते. "दारू प्यायलाय का?" म्हणून एकाने वास घेतला. दातवाले एकच घोकत होते, "बायको वर राहिली... बायको वर राहिली..." कुणी गाडी काढायच्या बेतात होतं, तेवढ्यात घाटातून अंड्यांचा ट्रक आला आणि त्यातून मेहुणी उतरली.

ह्यांना वाटलं आता उभं-आडवं झापणार. ती आली, समोर उभी राहिली. चेहरा पांढराफटक. म्हणाली,

"त्याने मिशी ठेवलीय?"

दातवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "तुला... कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की. मी टपरीमागे होते, तेव्हा तुमचं बोलणं सुरू झालं. म्हटलं पलीकडून बोलतायत. बाहेर आले तर तुम्ही नाही. तुमचा लाल दिवा दोन वळणं खाली. आणि आवाज इथे," तिने कानावर हात ठेवला, "अगदी इथे. फुटपाथ म्हणालात, बाबांची मिशी म्हणालात, चुकलो म्हणालात. आणि माझ्या कपाळाला तुमचा शर्ट लागत होता. घामाचा वाससुद्धा. हात पुढे केला तर... काही नाही. तेव्हा मी ओरडले."



गोदामाच्या पायरीवर बसून तिने पोराला फोन लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला. पलीकडून "हॅलो... हॅलो, आई?" दातवाल्यांनी तोंड उघडलं. शब्द येईना. घाटात जे बोलले होते त्यातलं एक अक्षर येईना. म्हणाले, ते सगळं बोलून संपलं होतं रे. भलत्याच कुणाशी तरी. पोरगा "कोण आहे?" विचारत राहिला आणि हे फोन धरून नुसते बसले. शेवटी मेहुणीने तो काढून घेतला आणि म्हणाली, "बाबा आहेत. ते म्हणतायत, चुकलो." पोरगा त्याच आठवड्यात घरी आला. पण ते शब्द बापाच्या तोंडून त्याला आजवर ऐकायला मिळालेले नाहीत. दातवाले प्रयत्न करतात. ओठ हलतात फक्त.

दुसऱ्या दिवशी सायकलला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. बसवाल्याने टपावर चढवून बांधली. वाटेत पाऊस लागला तो संपूर्ण बेटभर लागला. ताडपत्रीसुद्धा नव्हती. पोचले तेव्हा सायकलच्या नळीनळीतून पाणी ठिबकत होतं.

भाड्याच्या दुकानदाराने सायकल आत घेतली, फडक्याने पुसायला लागला. हँडल पुसलं, पुढचं सीट पुसलं. मागच्या सीटवर हात ठेवला आणि थबकला.

"एवढ्या पावसात चालवत आलात?"

"नाही हो. बसच्या टपावर होती," दातवाले म्हणाले. "सबंध दिवस."

दुकानदाराने पुढच्या सीटला पुन्हा हात लावून बघितला. मग मागच्या. मग दोन पावलं मागे सरकला.

मेहुणी पुढे झाली. नर्स ती. ताप बघतात तशी तिने हाताची पाठ त्या सीटवर टेकवली. बाकी सगळी सायकल गारठलेली...

सीट ऊबदार होतं. माणूस नुकतंच उठून गेल्यासारखं.