टॅमसिनची हरकत

"टॉफी अजून इथंच?" गिल्बर्ट थबकला.

चर्चच्या दफनभूमीत जुन्या यू झाडाला बांधलेला टॉफी कुत्रा केविलवाणा कण्हत होता. सकाळी पाव आणायला जातानाही बहीणभावांनी त्याला तिथंच पाहिलं होतं. त्याचे मालक मिस्टर ऑसगुड चर्चची देखभाल करत, आणि टॉफीला सोडून टपालपेटीपर्यंतही जात नसत.

"विसरले असतील," गिल्बर्ट म्हणाला.

"एक वेळ ते पँट घालायला विसरतील," टॅमसिन म्हणाली, "पण टॉफीला नाही."

अकरा वर्षांच्या टॅमसिनला या चर्चची मनापासून भीती वाटायची. कलंडलेली थडगी, आत थडग्यावर पाय पसरून निजलेला, नाक तुटलेला सरदाराचा दगडी पुतळा, सगळंच नकोसं. पण टॉफीचं कण्हणं ऐकवेना. ती गिल्बर्टची बाही धरून आत शिरली.

दुपारच्या लग्नासाठी फुलं लावून बायका नुकत्याच गेल्या होत्या. आत चिटपाखरू नव्हतं. आणि तरी आवाज आला. ठक. ठक. ठक.

आवाज घंटांच्या मनोऱ्यातून येत होता. मनोऱ्याच्या तळाशी सहा जाड दोर लोंबत होते, आणि बाजूला जिन्याचं दार, कुलूपबंद. तिनं दाराला कान लावला. फार वरून एक ओळखीचा, बसलेला आवाज झिरपत आला, "कोणी आहे का? पाय अडकलाय…"

"घंटा वाजवून लोकांना बोलवू!" ती दोराकडे धावली.

गिल्बर्टनं तिला खसकन मागे ओढलं. तो या सुट्टीत घंटा वाजवायला शिकत होता. एरवी सारख्या बढाया मारणाऱ्या त्या पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हात लावू नकोस! सकाळी सराव झाल्यावर घंटा तोंड वर करून उभ्या ठेवल्यात. लग्न लागलं की लगेच वाजवायच्या म्हणून. आता दोर ओढला तर गाडीएवढ्या वजनाची घंटा गर्रकन फिरेल. आणि ऑसगुड तिथंच अडकलेत."

दोघं रस्त्यापलीकडच्या पबकडे धावत सुटली. घंटावादक तिथं मांसाचे पॅटिस चापत बसले होते. त्यांचे प्रमुख मिस्टर पार्जिटर यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिशा पुसल्या.

"घंटा उलट्या असल्या की जिन्याला कुलूप घालायचं, हा आमचा नियम. कुलूप मी घातलं. किल्ली ही माझ्या कमरेला. मग आत माणूस शिरला कुठून?"

"तुम्ही कुलूप घालायच्या आधीच गेले असतील," टॅमसिन म्हणाली.

"वर कावळ्यांनी घरटं केलंय. त्यांचीच ती टकटक."

"पण कावळे बोलत नाहीत!" गिल्बर्ट म्हणाला.

"शिकाऊ पोरानं मला शिकवू नये. चला, पळा."

बाकीचे वादक खो खो हसले. दोघं परतली, तोवर चर्च माणसांनी गच्च भरलं होतं. नवरी वेदीपाशी पोचली होती. घंटावादकही आले आणि मनोऱ्याच्या पडद्याआड आपापल्या दोरापाशी उभे राहिले. लग्न लागलं की पार्जिटर मान हलवणार, आणि सहा दोर ओढले जाणार.

"पाद्रीबाईंना कसं सांगायचं?" टॅमसिन कुजबुजली.

"मध्येच बोलता येत नाही. फक्त एकदा येतं. कोणाची हरकत आहे का, असं त्या विचारतील तेव्हा. तेव्हा कोणी बोललं तर लग्न थांबवावंच लागतं."

"मग तू बोल."

गिल्बर्टनं घंटावादकांच्या पडद्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"हा विवाह होऊ नये असं कारण कोणाला ठाऊक असेल," पाद्रीबाई म्हणाल्या, "तर त्यानं आत्ताच सांगावं."

टॅमसिन बाकाला धरून उभी राहिली.

"मला ठाऊक आहे."

सगळ्या टोप्या एकदम मागे वळल्या. नवरी नवऱ्याकडे पाहू लागली. बिचारा नवरा घामाघूम झाला.

"लग्न करू दे त्यांना," टॅमसिन म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "पण घंटा वाजवू नका. मिस्टर ऑसगुड वर अडकलेत. घंटा वाजली तर ते मरतील."

माना मनोऱ्याकडे वळल्या. मग सगळ्यांनीच ऐकलं. ठक. ठक. ठक.

पडद्याआडून पार्जिटर बाहेर आले. त्यांनी कमरेची किल्ली ओढून काढली आणि जिन्याकडे धाव घेतली.

ऑसगुडना चौघांनी मिळून खाली आणलं. घरटं काढायला गेले असताना त्यांचा पाय घंटांच्या लाकडी चौकटीत अडकला होता, आणि डोक्यावर ती उलटी घंटा. "चूक माझी," पार्जिटर सगळ्यांसमोर म्हणाले. "कुलूप घालण्याआधी मी हाक मारली नाही. आणि ही पोरगी सांगत होती, तर हसलो."

"धीराची आहेस ग," पाद्रीबाई टॅमसिनला म्हणाल्या.

डॉक्टर येईपर्यंत ऑसगुडना मागच्या बाकावर बसवलं. गिल्बर्टनं सोडून आणलेला टॉफी त्यांच्या पायाशी आला. त्यांनी टॅमसिनला शेजारी बसवून घेतलं.

"खाली दोर धरायला माणसं आलेली मला ऐकू येत होती," ते म्हणाले. "मी डोळे मिटून घेतले होते, पोरी."

लग्न पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पाद्रीबाईंनी तोच प्रश्न विचारला, आणि सारं चर्च श्वास रोखून टॅमसिनकडे पाहू लागलं. पण तिला उठताच आलं नसतं. ऑसगुडनी तिचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.